नकाराचे बटण

मातृभाषा माणसाला कधीही फसवत नाही, असे गुरुदास परुळेकर याने कुडाळच्या एका परिसंवादात ठासून सांगितले होते आणि त्यावर टाळ्या पडल्या होत्या. श्रोते एकवीस होते. त्यांतले चौदा जण नंतरच्या दशावतारी नाटकासाठी खुर्च्या धरून बसलेले. तरी विधान म्हणून ते खणखणीत होते, आणि मार्च महिन्यातल्या त्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांपर्यंत गुरुदासचा त्यावर विश्वासही होता. अकरा दहाला त्याने, नवी आवृत्ती घातल्यावर पहिल्यांदाच, संगणकावरचा ब्राउझर बंद केला. खिडकी मिटली. आणि मिटलेल्या खिडकीच्या जागी, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, एक करडी चौकट उमटली. तिच्यात त्याच्या आईच्या बोलीत, आईच्याच शब्दांत लिहिले होते: ‘जा तू. मी बसलंय मां हय.’

आईला जाऊन सात वर्षे झाली होती.

गुरुदासने पहिल्यांदा काय केले, तर मागे वळून पाहिले. पडद्यावर काही वाचून मागे वळून पाहणे हे अठ्ठेचाळीस वर्षांच्या, चौदा वर्षे पुण्यात प्रोग्रामर म्हणून काढलेल्या माणसाला शोभत नाही, हे त्याला वळता वळताच कळले. पण मान तोवर वळून गेली होती. मागे माजघराचे दार होते, नेहमीसारखे अर्धे उघडे. दारापलीकडे जिथे आईची खाट असायची तिथे आता काजूबियांची पोती होती, आणि परसातल्या काजूच्या सडक्या बोंडूंचा आंबूस, किंचित दारूसारखा वास आत येत होता. तिच्या आजारपणातही हाच मोसम होता, हाच वास. तो आचऱ्याला परत आला तो तिच्यासाठीच. तो पुढच्या खोलीत संगणकापुढे बसायचा, ती आत पडून असायची, आणि तासातासाने तो मान न वळवता विचारायचा, "आये, आसंस मां?" आतून उत्तर यायचे, "बसलंय मां हय. जातंय खंय?" खरे तर तिला बसता येतच नव्हते, पण ‘पडलंय’ म्हणणे तिला कमीपणाचे वाटे. त्या दिवसांत मायलेकांचा मिळून एक उद्योग चालला होता. पेट्रेल नावाच्या ब्राउझरचे मालवणी भाषांतर.

पेट्रेल म्हणजे इंटरनेट बघायची एक खिडकी. इतर खिडक्या कंपन्यांच्या होत्या. ही कुणाचीच नव्हती. जगभरची माणसे आपापल्या घरी बसून, फुकट, तिची एकेक बिजागरी घडवत, आणि तिच्या आत काय आहे ते कुणालाही वाचता येई. गुरुदास गावात हे समजावताना रापणीचा दाखला द्यायचा: सगळा गाव दोर ओढतो, जाळे एकट्याचे नसते. हा दाखला लोकांना लगेच पटे, कारण रापणीचा दोर स्वतः ओढलेले आता फारसे कोणी उरले नव्हते. भाषांतराला चार हजार शब्द आणि वाक्ये होती. गुरुदास वाचायचा, आई निकाल द्यायची. खिडकी बंद करण्याच्या बटणाला त्याने ‘जातंय’ सुचवले तेव्हा ती त्या अवस्थेतही उठायला बघू लागली. "घरातून भायर पडताना जातंय म्हणतत काय रे मेल्या?" मग ‘येतंय’ झाले. चर्चेच्या पानाला ‘गजाली’ झाले. ‘नाही’ या बटणापाशी गाडी जरा अडली. "आये, कोणाक नाय कसा सांगूचा?" "नाय कशाक सांगूचा? बघूया म्हणाचा." "आणि आत्ता नको, मगे विचार, असा सांगूचा आसला तर?" "तेवाय बघूया." "मगे दोघांत फरक काय?" "ऐकणाऱ्याक कळता," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केले. गुरुदासने दोन्ही ओळींत ‘बघूया’ भरले, समोर शेरा लिहिला, ‘दोन्ही एकच’, आणि पुढच्या ओळीकडे गेला. कामाच्या ओघात तिची बोलणीही तो टिपून ठेवत गेला, शब्दसूचीत उदाहरणे म्हणून. ‘मी बसलंय मां हय’ हे ‘सक्रिय’ या शब्दाचे उदाहरण होते.

आता ते चौकटीत होते. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी होते: ‘सोबत चालू आसा. तुका काय होया ता मी आधीच बघून ठेवतंय.’ हे वाक्य मात्र आईने कधी म्हटलेले नव्हते, आणि भीती वाटण्यासारखे काही असेल तर ते हेच होते, की तिने ते म्हटले असते. ‘तुका काय होया’ वरचा तो जरासा भार, ‘आधीच’ मधली फुशारकी. खाली दोन बटणे होती. ‘होय’ आणि ‘बघूया’. गुरुदासने ‘बघूया’ दाबले. चौकट गेली. त्याने चहा टाकला, दूध उतू जाऊ दिले, ओटा पुसला. परत येऊन पाहतो तो चौकट पुन्हा जागेवर. ‘बघलंस?’

आचऱ्यात, किंवा त्या किनाऱ्यावर कुठेही, बघूया म्हटल्यावर ‘बघलंस?’ असे परत कोणी विचारत नाही. विचारणारा एक तर परगावचा असतो किंवा खुळा. बघूया म्हणजे विषय संपला, आणि तरी कोणाचा अपमान झाला नाही. गुरुदासच्या लग्नासाठी तीन स्थळे चालून आली होती, तिघांनाही तो बघूया म्हणाला होता, आणि तिन्ही मंडळी सरबत संपवून समाधानाने उठली होती. नुसते ‘नाय’, कोरडे, समोरच्याच्या तोंडावर, त्याने उभ्या आयुष्यात एकदाच ऐकले होते, आणि तेही शेजारच्या घरातून. अकरा वर्षांपूर्वी बाबूकाकांच्या अजयने पडवीत उभे राहून बापाला विचारले होते, मी परदेशी बोटीवर स्वयंपाक्याची नोकरी धरू का. बाबूकाका म्हणाले, "नाय." त्यापुढे काही नाही, मागे काही नाही. कुंपणापलीकडे हात धूत असलेल्या गुरुदासच्या हातातला तांब्या तसाच राहिला. अजय घटकाभर उभा होता. मग आईकडे बघून "येतंय" म्हणाला आणि गेला. तो आला नाही. वाडीत अजूनही त्या ‘नाय’ची गोष्ट निघाली की बायका आवाज खाली आणतात, जसा एखाद्या घरातल्या बुडालेल्या माणसाविषयी बोलताना आणावा. बाबूकाकांच्या देखत अजयचे नाव त्यानंतर कोणी काढले नव्हते. एकदा एका भाचीने फोनवर काढले, तर तो फोन विहिरीत गेला.

‘बघलंस?’ पडद्यावर तसेच थांबले होते.

दुपारपर्यंत गुरुदासने ‘सोबत’ म्हणजे काय ते शोधून काढले. लपवलेले काहीच नव्हते. पेट्रेलमध्ये कधीच काही लपवलेले नसते. दोन कोटी ऐंशी लाख ओळी उघड्यावर पडलेल्या होत्या, ज्याने त्याने वाचून घ्याव्यात. खिडकी मिटली तरी सोबत मिटत नव्हती. माणूस काय बघतो, किती वेळ थांबून बघतो, कशावर परत येतो, हे ती लक्षात ठेवत होती आणि त्याच्याआधी तिथे जाऊन येत होती. कल्पना ज्या कंपनीची होती ती पेट्रेलची मालक नव्हती. ती फक्त पेट्रेलच्या संस्थेला पोसत होती, कारण पेट्रेल उघडला की पहिल्यांदा त्या कंपनीचे शोधयंत्र उघडायचे, आणि एवढ्या उपकाराच्या बदल्यात तिने कधी काही मागितले नव्हते. तिला मागावे लागत नसे. प्रत्येक नव्या गोष्टीवर गजालीच्या पानावर चर्चा व्हायची, कोणीही यावे, बोलावे. चौथ्या दिवशी ‘सर्वांचे म्हणणे मोलाचे आहे’ अशी ओळ यायची, पान बंद व्हायचे, आणि जे व्हायचे होते ते व्हायचे. समुद्रही सगळ्यांचाच असतो; पर्ससीनच्या अवाढव्य जाळ्यांच्या बोटी असणाऱ्यांचा जरा जास्त. गुरुदास धरून सुरुवात केलेले अकरा जण होते. त्यांतले नऊ आता त्या कंपनीत होते. ते अजून गजालीवर येत, त्याच जुन्या टोपणनावांनी, तसेच विनोद करत. फक्त त्यांची वाक्ये हल्ली एकमेकांसारखी होत चालली होती, आणि कोणते कोणाचे हे सही पाहिल्याशिवाय कळत नसे. दहावा एक फिनलंडचा म्हातारा होता, तो वारला. अकरावा गुरुदास.

त्याला भाषेची चिंता नव्हती, किंवा आहे असे तो स्वतःला सांगत होता. चिंता होती ती एका वचनाची. आसपासच्या एकतीस घरांत त्याने स्वतः पेट्रेल घालून दिला होता, मालवणीतला, आणि प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य सांगितले होते: "हेच्यात कोण बघणा नाय. तू बंद केलंस की तो बंद." सगळ्यात आधी हे आनंदीकाकीला सांगितले होते, आणि एकटी तीच ते ऐकून रडली होती. आनंदीबाई म्हणजे बाबूकाकांची बायको, अजयची आई. घराच्या दोन खोल्या ती पर्यटकांना देते, त्यांची बुकिंगं बघायला लॅपटॉप आहे, ते बाबूकाकांना ठाऊक होते. रोज दुपारी, ते कलंडले की ती लिस्बनमधल्या एका खाणावळीचे पान उघडते हे ठाऊक नव्हते. त्या पानावर खाणावळीचे लोक फोटो टाकत. कधी मासे असत, कधी टेबले, कधी मागच्या बाजूला पांढऱ्या टोपीत अजय. ते पान गुरुदासनेच शोधून दिले होते. पाच वर्षे ती पोराला असे टोपीवरून ओळखत होती, आणि मग ‘येतंय’ दाबून खिडकी बंद करत होती.

तो कुंपण ओलांडून गेला तेव्हा ती पडवीत कोकमे निवडत होती. लॅपटॉप शेजारी स्टुलावर, क्रोशाच्या रुमालाखाली.

"काकी, काका खंय?"

"गिरणीर गेलेत. कित्याक?"

"ह्यो बंद केल्यावर काय बोलता काय तुझ्याकडे?"

"बोलता मां," आनंदीबाई म्हणाली. कोकमांवरची नजर तिने काढली नाही. "आठ दीस झाले. आधी माका वाटला तूच लिवतंस. मगे माझ्या ध्यानात इला, ही तर सुशीलावयनी."

सुशीला हे गुरुदासच्या आईचे नाव. मानेवरचे केस उभे राहण्यासाठी दुपारचे बारा ही वेळ फार उजेडाची आहे असे त्याला वाटून गेले.

"आणि तू काय सांगतंस तिका?"

"काय सांगतलंय? म्हणता, अजयचे नवे फोटो इलेत, दाखवू काय, हय पडद्यार ठेवू काय. मी बघूया म्हणतंय. रोज नायच म्हणतंय मी तिका," ती म्हणाली आणि पहिल्यांदा वर पाहिले. "पण तिका कळणा नाय रे. वयनीक कळला असता."

रुमालाखालून एक बारीक टिंग वाजले. आनंदीबाईने लाल हातांनी रुमालाचे टोक उचलले, पाहिले, आणि परत टाकले, जसे आंबोळीचे पीठ आले का ते पाहावे. "बघ. परत विचारता. उद्या ह्येंच्यासमोर विचारल्यान तर?"

"मी बंद करतंय ता."

"होतला?"

"बघूया," म्हणून गेला तो, आणि आनंदीबाई परत कोकमांकडे वळली.

चार दिवस गुरुदास लढला. दर पानावर, दर आडवळणावर शोधले. मालवणी पेट्रेलमध्ये सोबतीला नकार देण्याची सोय कुठेच नव्हती. होय होते आणि बघूया होते, आणि बघूयाचा अर्थ यंत्राने ‘पुन्हा विचार’ असा धरला होता. इंग्रजीत त्याने पाहिले, तर तिथे तीन बटणे होती. फ्रेंचमध्ये तीन. कोरियनमध्ये तीन. नकार फक्त मालवणीतून काढला होता. हे पाहिल्यावर त्याच्या डोक्यात जे लख्ख झाले त्याला त्याने अंतर्दृष्टी मानले: जिथे ओरडायला कोणी नाही अशी एक लहानशी भाषा निवडायची, तिच्यात नकार काढून बघायचा, आणि लोक सरावले की मग इतरांतूनही काढायचा. गजालीवर त्याने पंधराशे शब्दांची नोंद लिहिली. मथळा होता, ‘ज्या भाषेत नाही म्हणता येत नाही’. ती ब्राझीलमध्ये वाचली गेली, एस्टोनियात वाचली गेली. दोन हजार चारशे लोकांनी खाली सह्या केल्या. एका वेल्श बाईने लिहिले की ती मालवणीसाठी रडली. गुरुदासला पुण्यात कधी मिळाले नाही असे काहीतरी त्या चार दिवसांत मिळत होते, आणि ते घेताना कोपऱ्यातली चौकट त्याच्याकडे बघत होती. ती आता फार बोलत नव्हती. आई रागावली की अशीच अबोल व्हायची. गुरुवारी दोन वाजता, तो तिसऱ्यांदा सह्या मोजत असताना, तिच्यात अक्षरे उमटली: ‘जेवलंस नाय अजून.’ त्याने खुर्ची मागे सरकवली. तो जेवला नव्हता. यंत्राला हे कळण्यात काही जादू नव्हती, रोज एक ते दोन तो जागेवर नसे, आज होता, एवढेच. ओळ कुठली, कोणत्या फायलीतली, तेही तो दाखवू शकला असता. तो आत गेला आणि भात वाढून घेतला. पोत्यांच्या खोलीकडे पाठ करून खाताना त्याच्या मनात आले की सात वर्षांत हे कोणी विचारले नव्हते, आणि हा विचार त्याने भाताबरोबर गिळला.

शुक्रवारी सकाळी अक्षयाचा व्हिडिओ कॉल आला. अक्षया मूळची पिंगुळीची. जुन्या अकरांतली, आणि अर्थातच कंपनीत गेलेल्या नऊ जणांतली. दर महिन्याला मालवणीचे आकडे ती आठवणीने पाठवायची. तिच्यामागे एक पांढरी भिंत होती, इतकी पांढरी की ती कोणत्या देशात आहे ते कळू नये. ऑफिसच्या भाषेत ती म्हणाली, "गुरुदास, तुझी नोंद आम्ही सगळ्यांनी वाचली. फार मनापासून लिहिली आहेस."

"सगळ्यांनी म्हणजे कोणी? पगार कोण देतं त्यांना?"

"मलाही तेच देतात. लपवलंय का कधी?" ती हसली. "सोबत आली ती त्यांना हवी होती म्हणून. चर्चेआधीच ठरलं होतं. ते मी अमान्य करत नाही. पण नकार आम्ही काढला नाही."

"मग गेला कुठे?"

"एकाच चौकटीत सारख्याच शब्दाची दोन बटणं आली, की तपासणी करणारं यंत्र त्यांतलं एक चूक समजून काढतं. तुमच्या चौकटीत बघूया दोनदा होतं. त्याने शब्दसूची पाहिली. तिथे शेरा आहे, ‘दोन्ही एकच’. दुसरं काढलं. ते नेमकं नाहीचं होतं." ती थांबली. "शेरा तुझा आहे रे. नऊ वर्षांपूर्वीचा."

गुरुदास पडद्यावरच्या स्वतःच्या लहान चौकोनाकडे बघत राहिला. त्या चौकोनातला माणूस काहीतरी गहन विचार करत असल्यासारखा दिसत होता. बाहेर कोणीतरी बांगडे घेऊन ओरडत चालले होते.

"आणि ती बोलते ती?" त्याने विचारले. "ते वाक्य कोणी लिहिलं?"

"कोणीच नाही. तुझी सूची दिली होती यंत्राला. चारशे उदाहरणं होती तुझी, कुणालाही कशासाठीही वापरता येतील अशा परवान्याखाली. बाकीचं त्याने स्वतः जमवलं. चाचण्यांत मालवणी सगळ्यांना आवडली, माहितेय? म्हणतात, एवढ्या मायेने दुसरी कुठलीच भाषा बोलत नाही."

"माझी आई आहे ती."

अक्षया जराशी पुढे झुकली. पांढऱ्या भिंतीवरचा प्रकाश तिच्या चष्म्यात हलला, आणि बऱ्याच वर्षांनी ती पिंगुळीची झाली. "माका म्हायत नव्हता रे," ती म्हणाली. मग पुन्हा मागे रेलली. "सोमवारी नवं बटण घालते. शब्द तूच दे. या वेळेस वेगळा."

शब्द द्यायला त्याला दोन दिवस लागले. ‘नको’ चालले असते, पण नको म्हणजे पानातल्या भाताला म्हणायचे. ‘रवांदे’ म्हणजे पुन्हा बघूयाच. रविवारी संध्याकाळी त्याने सूचीची ती ओळ उघडली आणि ‘नाय’ लिहिले. दोन अक्षरे लिहिताना बाबूकाकांच्या पडवीचा कठडा, अजयच्या खांद्यावरची निळी बॅग, आपल्या हातातल्या तांब्यातून निथळणारे पाणी, असे सगळे क्रमाने येऊन गेले. जुना शेरा त्याने खोडला. खोडल्यावर तिथे नुसती पांढरी जागा राहिली, ती आईच्या उशीसारखी मधोमध दबलेली आहे असे उगाच वाटत राहिले.

सोमवारी दुपारी बटण आले. आनंदीबाईच्या लॅपटॉपवर ते आपल्या हाताने दाबून द्यायचे, वचन पुरे करायचे आणि विषय मिटवायचा, असे ठरवून गुरुदास कुंपण ओलांडून गेला. पडवीत बाबूकाका बसले होते. अडकित्त्याने सुपारी कातरत होते, आणि स्टुलावरचा लॅपटॉप उघडा होता. रुमाल खाली पडला होता. आनंदीबाई दाराच्या चौकटीत उभी होती. तिच्या हातात पाण्याचा गडू होता, आणि तो गडू तिने कोणासाठी आणला होता हे ती विसरून गेली आहे हे गुरुदासला अंगणातूनच दिसले.

"गुरू, ये. ह्या बघ काय म्हणता," बाबूकाका म्हणाले. चष्मा नव्हता म्हणून ते पडद्यापासून लांब मान नेऊन एकेक अक्षर फोडत होते. "अ... जय... चे. नवे. फोटो इले. दाखवू?" अडकित्ता थांबला. "ह्यो कोण अजय?"

बाबूकाकांच्या देखत अकरा वर्षे न उच्चारलेला शब्द त्यांच्या स्वतःच्या तोंडून पडवीत पडला होता, आणि तो कुठे पडला ते कोणी खाली वाकून पाहत नव्हते. कौलांवर एक सुके झावळ घासत होते. गुरुदासला वाटले आपण काहीतरी बोलायला हवे, एखादा तांत्रिक शब्द, ‘बग’ असा एखादा, की जो ऐकून या वयाची माणसे मान डोलावतात.

"गिराईक," आनंदीबाई म्हणाली.

"गिराईक?"

"होय. रूम होई म्हणता. फोटो धाडल्यान, वळख म्हणून."

बाबूकाका पडद्याकडे बघत राहिले. किती वेळ ते गुरुदासला सांगता आले नसते. पुढे त्याने त्या वेळेची बरोबरी बऱ्याच गोष्टींशी करून पाहिली. अजयच्या उभे राहण्याशी केली, आईच्या शेवटच्या रात्रीच्या दोन श्वासांमधल्या जागेशी केली, आणि दर वेळी ती कमी किंवा जास्त भरली. लॅपटॉपचा पंखा आत घरघरला. सोबत काहीतरी आधीच बघून ठेवत असावी. मग बाबूकाकांनी अडकित्ता मिटला, सुपारीची फाक तोंडात टाकली आणि म्हणाले,

"बघूया म्हणून सांग त्येका."

ते उठले, गुरुदासच्या खांद्याला धरून पायरी उतरले, आणि माडांच्या आळ्यांकडे गेले.

नऊ वर्षे या एका शब्दाचा अधिकृत जाणकार असलेल्या गुरुदासला तो दोन्हींपैकी कोणता होता ते कळले नाही. त्याने आनंदीबाईकडे पाहिले. तिने गडू कठड्यावर ठेवला होता आणि ती पदराने तोंड पुसत होती. तोंड कोरडे होते. तिला कळले होते की नाही, हेही त्याला कळले नाही. ऐकणाऱ्याला कळते असे आई म्हणाली होती, पण ऐकणारे तिथे दोन होते, चौकट धरून तीन.

"काकी, आता बटण इला. ह्या बघ. ह्या दाबलंस की ती परत कधीच विचारूची नाय." त्याने लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. तीन बटणे होती: होय, बघूया, नाय. तिसरे अजून नवे होते, कडा जास्त काळ्या.

आनंदीबाईने वाचले. "नाय," ती पुटपुटली, आणि हात मागे घेतला. "ह्या घरात?"

"तुझा खरा आसा. पण काकांनी परत बघल्यानी तर?"

"बघले मां आता. विहिरीत घातले काय?" तिने एक बोट पुढे केले, पडद्याच्या काचेवरून हळूच, मासा ताजा आहे का ते पाहावे तसे फिरवले, आणि मधले बटण दाबले. चौकट मिटली. "ती विचारीत रवता, ता बरा आसा," आनंदीबाई म्हणाली. "दुसरा कोण विचारता?"

गुरुदास घरी आला. वचन मोडले की पुरे झाले याचा हिशेब लागेना. त्याने गजालीवर जाऊन दोन हजार चारशे लोकांना दोन ओळींत कळवले की चूक भाषांतरकाराची होती. त्याखाली एकोणीस सह्या आल्या, आणि वेल्श बाईने विचारले की आता ती रडणे मागे घेऊ शकते का. दुपारचे ऊन सरकत सरकत संध्याकाळचे झाले होते. त्याने ‘येतंय’ दाबून खिडकी बंद केली. कोपऱ्यात चौकट आली. ‘जा तू. मी बसलंय मां हय.’ होय, बघूया, नाय. त्याचा हात माउसवर होता. आतल्या खोलीतून बोंडूंचा वास येत होता, दार अर्धे उघडे होते, आणि या वेळेस त्याने मागे वळून पाहिले नाही.

महिनाअखेरीस अक्षयाने नेहमीप्रमाणे आकडे पाठवले. मालवणी पेट्रेल वापरणारी यंत्रे जगात एकोणचाळीस होती. ‘नाय’ हे बटण शून्य वेळा दाबले गेले होते. एकोणचाळिसांत गुरुदासचे यंत्रही धरलेले होते.